आमचा रेकॉर्डर भंगारात जाणार नाही

आमच्या घरात टीव्हीच्या खाली एक चपटा राखाडी डबा आहे. तो डीव्हीडी रेकॉर्डर आहे. प्लेअर नव्हे, रेकॉर्डर. प्लेअर नुसता दाखवतो. हा टीव्हीवरचं, कॅसेटवरचं डिस्कवर उतरवून घेतो. एवढा फरक मी गेली कित्येक वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला समजावून सांगत आले आहे. सगळे ऐकून घेतात, मान डोलावतात आणि चहाचा कप खाली ठेवता ठेवता विचारतात, "अजून ठेवलाय होय?"

होय, ठेवलाय. आणि राहणार आहे. गल्लीत भंगारवाल्याची हाक आली की घरातले माझ्याकडे बघतात आणि मी त्यांच्याकडे बघते. मग ते दुसरीकडे बघतात.

घेतला तेव्हाही असाच गहजब झाला होता. मी लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या लाँड्रीत कामाला होते. दिवसभर पाहुण्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे. दिवाळीचा बोनस हातात आला तेव्हा आमच्याकडे वॉशिंग मशीन नव्हतं. नवरा म्हणाला, जगाचं धुणं मशीनवर धुतेस आणि घरचं मोरीत बसून आपटतेस, आता तरी मशीन आण. मी मशीनच आणलं. खोकं उघडल्यावर त्यानं वाकून पाहिलं आणि विचारलं, "यात कपडे कुठून टाकायचे?" आजही चारचौघांत तो हा किस्सा रंगवून सांगतो. सांगू दे. मला कपड्यांहून मोठी गोष्ट वाचवायची होती. माझ्या आईचा आवाज.

माझं माहेर भाजे. मळवली स्टेशनला उतरून एक्सप्रेसवेवरचा पूल ओलांडला की गाव. आई भातशेती करणारी बाई, पण आजूबाजूच्या गावांत तिची ओळख होती ती गळ्यामुळे. कुणाकडे हळद असली की आईला सांगावा यायचा, कधी कधी नवरीच्या मामाच्याही आधी. आमच्याकडे हळदीच्या गाण्याची एक रीत आहे. म्हणणारी बाई गाण्यातून विचारते आणि बाकीच्या बायकांनी नवरीचं नाव घालून उत्तर द्यायचं. आई विचारायची:

पिवळ्या गं पाटावर कोन बसली लाडाची?

की बायका नवरीचं नाव घेऊन म्हणायच्या, अमकी बसली लाडाची, लेक तिच्या आईची. मग पुढचं कडवं. बायका गप्पांत रमलेल्या असल्या तर आई पुढे जात नसे. तोच प्रश्न पुन्हा विचारायची, आणखी वरच्या पट्टीत. नवरीचं नाव घेतल्याशिवाय हळद पुढे सरकत नसे.

या उत्तर देणाऱ्या बायकांत मला जागा नव्हती. माझा आवाज फाटका आहे. लहानपणी एका हळदीत मी जोरात म्हणायला गेले, तर आईनं गाणं थांबवून सगळ्यांसमोर सांगितलं, "तू निस्ती टाळी वाजीव." मी टाळी वाजवतच मोठी झाले. माझ्या स्वतःच्या हळदीत तर तेवढंही करता आलं नाही, हात भरलेले होते.

त्या हळदीचं आणि लग्नाचं वडिलांनी हौसेनं व्हिडिओ शूटिंग ठेवलं होतं. कामशेतचा फोटोवाला खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेऊन दोन्ही दिवस मांडवात फिरत होता. पुढे बऱ्याच दिवसांनी त्याच्याकडून कॅसेट आली आणि सगळी आळी आमच्या ओसरीत टीव्हीसमोर जमली. माझं तोंड गुलाबाच्या फुलातून बाहेर येत होतं, नवरा बदामाच्या आकारात गोल गोल फिरत होता. मग हळद आली. पडद्यावर आईनं तोंड उघडलं आणि आवाज आला सिनेमातल्या कुणा बाईचा. फोटोवाल्यानं मिक्सिंग करताना सगळ्या हळदीवर हिंदी गाणी चढवली होती. आई मान वर करून, डोळे मिटून, जीव तोडून म्हणत होती आणि मागे बाजा वाजत होता. माणसं पोट धरून हसली. आई हसली नाही.

"म्या कवा म्हनलं हे?" तिनं विचारलं.

वडिलांनी समजावलं, की असंच असतं, त्याला मिक्सिंग म्हणतात, सगळ्यांच्या लग्नाला करतात.

"आन् माजं कुटं गेलं?"

दुसऱ्या दिवशी आई एकटी कामशेतला गेली आणि फोटोवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली. माझा गळा तुझ्याकडं राहिलाय, तो दे, म्हणाली. तो म्हणाला, मिक्सिंगच्या आधीची ती कच्ची कॅसेट आता पुढच्या लग्नाला वापरायची आहे. त्यावर आईनं जे विचारलं ते पुढे कामशेतच्या बाजारात बरेच दिवस लोक एकमेकांना सांगत होते. "माज्यावर दुसऱ्याचं लगीन भरतुस व्हय?" गिऱ्हाइकं थांबून बघायला लागली, तसा त्यानं मुकाट्यानं कॅसेट काढून दिली.

त्या कच्च्या कॅसेटमध्ये फुलं नव्हती, बदाम नव्हते. कॅमेरा हलत होता, मध्येच कुणाची तरी पाठ येत होती. पण आईचा आवाज होता, जसाच्या तसा, आणि माझ्या नावानं उत्तर देणाऱ्या बायका होत्या. दिवाळसणाला आईनं ती खणात गुंडाळून माझ्या हातात दिली. "तुजं हाय, तू संभाळ."

आता लोणावळ्यात एखादी वस्तू सांभाळायची म्हणजे काय, ते पावसाळा इथे काढलेल्या माणसालाच कळेल. भिंतींना पाणी सुटतं, कपाटातल्या चपलांवर, कमरेच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी येते. मी कॅसेट साड्यांच्या मध्ये ठेवली, कडुलिंबाचा पाला घातला, दर उन्हाळ्यात ऊन दाखवलं. तरी एका वर्षी फितीच्या गुंडाळीवर कापसासारखी बुरशी दिसली. त्याच दिवाळीत मी रेकॉर्डर आणला. आता कुणी म्हणावं, वॉशिंग मशीन का नाही घेतलं.

कॅसेट उतरवण्यासाठी शेजाऱ्यांचा व्हीसीआर मागून आणला. पिवळी पिन चित्राची, लाल-पांढरी आवाजाची. दुकानदारानं एकदा सांगितलं, मला पुन्हा विचारावं लागलं नाही. कॅसेट जेवढी लांब तेवढाच वेळ उतरवायला लागतो. आई त्यासाठी मुद्दाम भाज्याहून आली आणि टीव्हीसमोर मांडी घालून बसली. तिची समजूत अशी, की खोलीतलं बोलणंही डिस्कवर उतरेल. तिनं माझ्या नवऱ्याला खोकू दिलं नाही. कुकर बंद करायला लावला. पिनमधून फक्त कॅसेटचाच आवाज जातो, हे मी कानात सांगायला गेले तर मलाही दटावलं. आम्ही सगळे तोंडावर हात ठेवून माझी हळद बघत बसलो. हळद उतरून झाली, लग्न लागलं आणि पंगत सुरू होता होता व्हीसीआरनं फीत गिळली. ओढून काढली तर बुरशी लागलेल्या जागी तुटलेली. कॅसेट संपली, पण हळद डिस्कवर आली होती. आता ती फक्त तिथेच होती.

मग रेकॉर्डरनं पडद्यावर विचारलं, फायनलाइझ करायचं का? दुकानदारानं हेही सांगितलं होतं. हे केलं की डिस्क कुठल्याही प्लेअरवर चालते, पण मग तिच्यावर आणखी काही भरता येत नाही, ती कायमची बंद. मी आईला सांगितलं.

"अजून जागा हाय का तीत?"

"आहे थोडी."

"मग ऱ्हाऊ दे. तळ दिसू द्यायचा न्हाई."

भाज्याच्या घरात भाताची कणगी आहे, बांबूची, शेणानं सारवलेली. ती कधीही पूर्ण रिकामी करत नाहीत. तळाशी मूठभर भात ठेवायचाच आणि त्यावर नवा ओतायचा. संपलं म्हणायचं नाही, संपवायचं नाही. मी त्याच घरात वाढले होते. मी 'नाही'चं बटण दाबलं. त्यानंतर जेवढ्या डिस्क भरल्या, भाज्यातल्या बायकांनी आणून दिलेल्या त्यांच्या कच्च्या कॅसेटच्या, टीव्हीवरच्या मालिकांच्या, त्या सगळ्यांत मी थोडी जागा ठेवली आणि एकही बंद केली नाही. हे मी अडाणीपणानं केलं नाही. समजून उमजून केलं आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही.

मालिका मी आईसाठी भरून ठेवायचे. भाज्यात वीज गेली की तिचा भाग चुकायचा, मग रविवारी येऊन ती सगळं एकदम बघायची. रिमोटवरचं तिला एकच बटण कळलं, दोन उभ्या रेघांचं. ते दाबून ती चित्र थांबवायची, मालिकेतल्या सुनेला जे सुनवायचं ते सुनवायची आणि मग परत चालू करायची. अर्ध्या तासाचा भाग बघायला आम्हाला दुपार लागायची.

मग तिच्या घशात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं आणि गाठीबरोबर आवाजाची पेटीही काढावी लागली. मिश्रीनं झालं, डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर आईनं मिश्रीची डबी स्वतःच्या हातानं चुलीत टाकली. गळ्याला लावून बोलायचं एक यंत्र दवाखान्यातून मिळालं होतं. तिनं ते एकदा लावलं, माझं नाव घेतलं. घरघर करत माझं नाव खोलीत आलं. तिनं यंत्र डबीत घातलं, ते पुन्हा बाहेर काढलं नाही. तेव्हापासून ती नुसते ओठ हलवते आणि आम्ही वाचतो. कुणाचं लक्ष नसलं तर जोरात टाळी वाजवते. आयुष्यभर मला टाळी वाजवायला लावणाऱ्या बाईवर ही वेळ यावी, याचा मला इतका राग आला, की कुणावर काढावा ते कळेना. भांडी घासताना मी रडायचे आणि भांड्यांचा आवाज मोठा करायचे.

मागच्या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. ती नवलाख उंबरे या गावाजवळच्या एका कारखान्यात कामाला आहे. हळद भाज्याला, आजीच्या अंगणात करायची असं तिनंच ठरवलं. मला वाटलं, आईला एकदा तिचं गाणं ऐकवावं. डिस्क घातली तर रेकॉर्डरनं ती आत घेतली आणि डिस्कचा खण उघडेना. कधी गुरगुरायचा, कधी गप्प बसायचा.

बाजारातल्या दुरुस्तीवाल्याकडे मी तो रिक्षात मांडीवर घेऊन गेले.

"मावशी, याचं काय मिळत नाही आता," तो म्हणाला. "भंगारात द्या."

"भंगारात देऊ का, असं मी विचारलं का तुला?"

तो वरमला. पुढच्या बारीक भोकात पिन घालून त्यानं खण ओढला, डिस्क काढली आणि बघायला म्हणून स्वतःच्या प्लेअरमध्ये घातली. प्लेअरनं डिस्क ओळखलीच नाही. "कोरी आहे ही," तो म्हणाला. कोरी नव्हती. बंद न केलेली डिस्क ज्या यंत्रानं भरली त्यातच चालते. म्हणजे हा डबा मेला, की आईचा आवाजही गेला. मी तिथल्या स्टुलावर बसले. माझं तोंड बघून असेल, पण त्यानं सगळं काम बाजूला ठेवलं, खणाचा रबर बदलला, भिंग पुसलं. जोडून देताना म्हणाला, "भिंग थकलंय. लवकर फायनलाइझ करून घ्या. पण मध्येच बंद पडलं, तर आहे तेही जाईल."

मुलीनं आधी फोनवर टीव्हीचं शूटिंग करून घेतलं, असू दे म्हणून. त्यात आईचा आवाज पाण्याच्या टाकीतून आल्यासारखा येत होता. भाज्याहून बोलावून आणलेल्या आईनं तो ऐकला आणि हातानंच उडवून लावला. गुरुवारी आमच्याकडे वीज जाते, म्हणून मी शुक्रवारची सकाळ धरली होती. रेकॉर्डर चालू केला. पडद्यावर तोच जुना प्रश्न आला.

"आई," मी म्हटलं, "तू तळ दाखवायचा नाही म्हणाली होतीस. हे दाबलं की ती बंद. आणि दाबताना बिघडलं तर सगळंच गेलं. नाही दाबलं, तर डब्याबरोबर जाणार."

तिनं गळ्यावर, ऑपरेशनच्या छिद्रावर बांधलेलं फडकं नीट केलं आणि ओठ हलवले. मला कळलं नाही. तिनं माझी हनुवटी धरून माझं तोंड स्वतःकडे वळवलं आणि सावकाश परत म्हटलं. "कणगी हलवायची आसंल तर रिकामी करावीच लागती."

आणि रिमोट माझ्या हातातून ओढून घेतला. आधी भलतंच बटण दाबलं, टीव्हीचा आवाज वाढला. मग मी तिचं बोट धरून योग्य जागी नेलं आणि तिनं दाबलं.

पडद्यावरची पट्टी भरत गेली आणि अर्ध्यावर येऊन थांबली. रेकॉर्डर कण्हल्यासारखा आवाज करायला लागला. नवऱ्याला खोकला आला तेव्हा आईनं ओठांवर बोट ठेवून त्याच्याकडे डोळे वटारले. मी गुडघ्यावर बसून त्या डब्याला बोलत होते. तुझ्यासाठी हातानं धुणं धुतलं, लोकांची बोलणी खाल्ली, आज दगा देशील तर बघ. पट्टी हलली. भरली. खण आपोआप बाहेर आला. मी ती डिस्क पदराआड धरून शेजाऱ्यांकडे पळाले. त्यांच्या साध्या प्लेअरवर आई गायला लागली तेव्हा मी त्यांच्या दारातच बसले आणि मोठ्यांदा रडले. शेजारीण पाणी घेऊन आली. तो प्लेअर मी हळदीसाठी मागून घेतला.

भाज्यात माझा भाऊ आता शनिवार-रविवारच्या पाहुण्यांना खोल्या देतो. हळदीला त्यानं डीजे सांगितला होता. मी प्लेअर आणि वायरी घेऊन अंगणात उतरले तेव्हा माणसाएवढे स्पीकर लावून झाले होते.

"ताई, आता हे कोन ऐकतंय?" तो म्हणाला. "लोकं हसतील."

"हसू दे. मागं एकदा हसलीच होती. तेव्हा तिचा आवाज नव्हता, आज आहे."

डीजेवाला म्हणाला, मधूनमधून गाणी मिक्स करून देतो, छान होईल. मी त्याला सांगितलं, की या गाण्याला मिक्सिंगचा हात लागला तर तुझ्या वायरी ओढून टाकीन. त्याच्या मशीनला लाल आणि पांढरी पिन मी स्वतः लावली. पिवळी तशीच लोंबत ठेवली. चित्र नको होतं, नुसता आवाज हवा होता.

मुलगी पाटावर बसली. आईला खुर्चीवर बसवलं, रिमोट तिच्या मांडीवर ठेवला. मी प्लेअर चालू केला आणि त्या मोठ्या स्पीकरांतून आई आली. रस्त्यानं लेण्यांकडे निघालेले पाहुणेसुद्धा फाटकाशी थांबले. आधीची पिढी ओळखीनं माना हलवायला लागली, तरुण पोरी फोन वर धरून शूटिंग करायला लागल्या. सगळ्या ऐकत होत्या. कुणी म्हणत नव्हतं.

पिवळ्या गं पाटावर कोन बसली लाडाची?

आणि आवाज तुटला. मला वाटलं, डिस्क गेली. मी धावत प्लेअरकडे निघाले, तेवढ्यात टाळी ऐकू आली. आईनं दोन रेघांचं बटण दाबलं होतं. पुढे माझ्या नावाचं उत्तर होतं. ते तिला आज नको होतं. पाटावर मी नव्हते.

तिनं अंगणातल्या सगळ्या बायकांवरून नजर फिरवली. बायका एकमेकींकडे बघत होत्या, कोण सुरू करणार म्हणून. मग आईची नजर माझ्यावर येऊन थांबली. माझे हात टाळीसाठी आपोआप वर आले होते. तिनं मान हलवली. नाही. आणि ओठांनी एकच शब्द म्हटला, तो मला वाचता यावा म्हणून तिला माझी हनुवटी धरावी लागली नाही.

"म्हन."

मी माझ्या लेकीचं नाव घेतलं. फाटक्या आवाजात, घसा ताणून, स्पीकर बंद असलेल्या त्या अंगणात मी म्हटलं, की ती बसली लाडाची, लेक तिच्या आईची. माझ्या मागून एक म्हातारी म्हणाली, मग माझी जाऊ, मग फोन खाली ठेवून पोरीही. सूर कुणाचा कुणाला लागत नव्हता. आईनं कपाळाला आठ्या घातल्या, पूर्वी घालायची तशाच. तरी गाणं काही पुढे सोडेना. पुन्हा म्हणा, अशी खूण केली. आम्ही पुन्हा म्हटलं, आणखी जोरात. मग तिच्या खुणेवर मी माझ्या नावाचं उत्तर पुढे सरकवलं आणि तिनं पुढचं कडवं लावलं.